आहेरात आलेला ग्रंथ

पाठराखीण म्हणून जायला मला कधीच आवडलं नाही. नवरीबरोबर तिच्या सासरी जायचं, तिच्या शेजारी झोपायचं, तिच्या पानाशेजारी बसून जेवायचं, तिला तहान लागली की आपल्यालाच लागली आहे असं सांगून पाणी मागायचं, आणि चार-सहा दिवसांनी तिला घेऊन माहेरी परत यायचं. मान भरपूर, अधिकार काही नाही. सासरची माणसं पाठराखणीला साडी नेसवतात, पोळीवर तुपाची धार धरतात, पण तिनं तोंड उघडलं की त्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. आणि मला तोंड मिटून बसता येत नाही हे आमच्या भावकीत सगळ्यांना ठाऊक होतं. तरी चुलतीनं मलाच गळ घातली.

"तूच जा बाई. माजी पोर बुजरी न्हाई, पर घर सोडून कवा ऱ्हायली न्हाई. तू शिकलेली, चार मान्सांत बोलायला धड हाईस."

मी तेव्हा साताऱ्यात सासरी राहत होते आणि मुलींच्या शाळेत शिकवत होते. नवरा मिलिटरीत, वर्षातून एकदा सुट्टीवर यायचा. माहेर कोरेगावजवळच्या एका गावात. चुलत्याची ही मधली मुलगी एकवीस वर्षांची, मॅट्रिक झालेली, खळखळून हसणारी. हसताना तोंडावर पदर धर म्हणून चुलती तिच्या मागे लागायची आणि ती पदर धरून आणखी हसायची. मला ती सख्ख्या बहिणीपेक्षा जवळची होती, म्हणून मी गेले.

जावई इस्लामपूरच्या बाजूचा. घरचा ऊस, मोटारीचं पाणी, आणि मुलगा सांगलीला वसतिगृहात राहून डिप्लोमा झालेला. एका साखर कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढायच्या नोकरीला होता. दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती, लोकांच्या अंगात पुन्हा लग्नं थाटात करायचा हुरूप आला होता. "डिप्लोमावाला जावई" हे शब्द चुलता इतक्या वेळा उच्चारायचा की गावातली पोरं त्याच्यामागे त्याची नक्कल करायची.

लग्न आमच्याच दारात झालं. जावयाचे सांगलीचे मित्र आले होते, पाच-सहा जण, सगळे पंचविशीच्या आतबाहेरचे, बेलबॉटम घातलेले, कानांखाली कल्ले राखलेले. ते मांडवात बसत नव्हते, टोळक्यानं फिरत होते. जिथं बायका दिसतील तिथं थांबत होते. लग्नात पोरं टवाळी करतातच, त्याचं मला काही वाटत नाही. नवरीच्या बहिणींची थट्टा, नवरदेवाचे बूट लपवणं, हे सगळं आम्हीही केलंय. पण यांची थट्टा तोंडावर होत नव्हती. ते आपसांत काहीतरी बोलायचे, एखाद्या बाईकडे बघायचे आणि फिदीफिदी हसायचे. मी त्यांना सरबत द्यायला गेले तेव्हा एकानं विचारलं, "ताई, तुम्ही काय करता?"

"शिक्षिका आहे."

"आणि साहेब?"

"मिलिटरीत."

त्यांनी एकमेकांकडे बघितलं. एकानं दुसऱ्याला कोपर मारलं. तिसरा सरबत पिता पिता ठसकला. यात हसण्यासारखं काय होतं ते मला कळेना. सातारा जिल्ह्यात निम्म्या घरांत कुणी ना कुणी मिलिटरीत असतं. आम्हाला त्याचा अभिमान शिकवलेला. मी ग्लास गोळा केले आणि आत आले, पण पाठीवर काहीतरी घाण उडाल्यासारखं वाटत राहिलं.

मग आहेर सुरू झाला. आमच्याकडे आहेर लाऊडस्पीकरवर पुकारतात. अमक्याकडून नवरीला पातळ, तमक्याकडून नवरदेवाला टोपी-टॉवेल. या पोरांनी एक पुडकं पुढे केलं, चकचकीत कागदात गुंडाळून वर जरीची दोरी बांधलेलं, आणि पुकारणाऱ्याच्या कानात काही सांगितलं. तो बिचारा साधा माणूस. त्यानं खणखणीत आवाजात पुकारलं, "सांगलीच्या मित्रमंडळाकडून नवरदेवाला ग्रंथ!"

मांडवात सगळ्यांना कौतुक वाटलं. टोपी-टॉवेलांच्या राशीत कुणीतरी ग्रंथ दिला. नवरदेवाचे वडील माळकरी, एकादशी पाळणारे. त्यांनी उठून दोन्ही हातांनी ते पुडकं घेतलं आणि कपाळाला लावलं. शिकल्या-सवरल्या पोरांची संगत चांगली असली की असं असतं, असं ते माझ्या चुलत्याला म्हणाले. मागं ती पोरं एकमेकांच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होती. नवरदेवाचे कान लाल झाले होते. मला वाटलं, लाजला.

दुसऱ्या दिवशी आम्ही सासरी पोचलो. माप ओलांडून नवरी आत गेली, आणि विहीणबाईंनी आहेरातल्या वस्तू लावायला घेतल्या. ग्रंथाचं पुडकं त्यांनी देव्हाऱ्यात ठेवलं. ग्रंथ फोडायचा तो चांगल्या दिवशी, पूजा झाल्यावर, असं म्हाताऱ्यांनी ठरवलं होतं. विहीणबाईंना लिहितावाचता येत नव्हतं. त्यांनी रोज देवांना हळदकुंकू वाहताना त्या पुडक्यालाही दोन बोटं लावली. सत्यनारायणाला ते चौरंगाजवळ ठेवलं, त्यावर तुळशीचं पान ठेवलं. जवळपासच्या गावांतले दोन मित्र प्रसादाला आले होते. त्यांनी चौरंगाजवळचं पुडकं बघितलं मात्र, तोंडात शर्टाची बाही कोंबून दोघं बाहेर पळाले. परसात जाऊन हसत बसले. म्हातारे त्यांच्यासाठी प्रसादाचा द्रोण घेऊन तिथं गेले.

आज एवढ्या वर्षांनी लिहितानाही मला ते समोर दिसतं. त्या म्हातारा-म्हातारीची ती भक्ती, आणि त्यावर हसणारी ती पोरं. ज्यांच्या घरी जेवलो त्यांच्या देवापाशी आपण काय नेऊन ठेवलंय हे माहीत असून हसणारी पोरं.

देवीचा गोंधळ झाला, पूजा झाली. आमच्याकडे तोवर नवरा-नवरीला एकत्र ठेवत नाहीत. त्या संध्याकाळी जावयानं देव्हाऱ्यातलं पुडकं "वाचायला नेतो" म्हणून उचललं, आणि म्हातारे म्हणाले, "ने बाबा, दोगं बी वाचा." थोरल्या जावेनं नवरीची वेणी घातली, गजरा माळला, आणि मी सासरच्या बायकांत जाऊन झोपले. पाठराखणीचं काम त्या दिवशी संपतं असं समजतात.

सकाळी मुलगी बाहेर आली ती न्हाणीघरातच गेली आणि बराच वेळ तिथंच राहिली. बायका खुसखुसल्या. थोरली जाऊ म्हणाली, "लाजतीया." मीही पहिल्या दिवशी तेच समजले असते, पण ती बाहेर आल्यावर माझ्याकडे न बघता पुढं गेली. ही मुलगी मला बघून न हसता कधी राहिली नव्हती. दुसऱ्या सकाळी तिनं चहा हातात घेतला आणि तो तसाच गार होऊ दिला. तिच्या मनगटावर बांगडी फुटून लागल्याचं दिसत होतं. विहीणबाईंनी ते बघितलं आणि नवी बांगडी भरायला कासार बोलवायला हवा, एवढंच म्हणाल्या.

सासरी दोघींनी बोलायचं तर जागा नसते. मी धुण्याचं गाठोडं उचललं आणि तिला घेऊन मळ्यात गेले. मोटारीचं पाणी पाटात पडत होतं. त्या आवाजात बोललेलं कुणाला ऐकू जात नाही. तिनं एक पातळ धुतलं, पिळलं, पुन्हा पाण्यात टाकलं आणि पुन्हा धुवायला लागली. मग पदराखालून एक पुस्तक काढून माझ्यासमोर दगडावर ठेवलं.

"आक्का, हे वाच म्हनले. वाचून शिकून घे म्हनले."

पुस्तक लहान, स्वस्त कागदाचं. जरीची दोरी गेली होती, पण चकचकीत कागद कव्हरासारखा तसाच होता, आणि त्यावर विहीणबाईंच्या बोटांचं हळदकुंकू होतं. मी ते उघडलं. सांगलीच्या एस.टी. स्टँडबाहेर पंचांग आणि आरत्यांच्या पुस्तकांखाली विकायला ठेवतात ती पिवळी पुस्तकं मी ऐकून होते, हातात कधी घेतली नव्हती. मी एक पान वाचलं. मग दुसरं. मग मला पाटाच्या कडेला बसून ओकारी आली, खरोखर आली, लिहायचं म्हणून लिहीत नाही.

त्यातली भाषा घाण होती, पण शिव्या मी गावात ऐकल्या आहेत, त्यांनी मला काही होत नाही. किळस आली ती वेगळ्याच गोष्टीची. त्या गोष्टीत एक शिक्षिका होती. नवरा मिलिटरीत. घरी एकटी. आणि लिहिणाऱ्याचं म्हणणं असं की अशी बाई वाटच बघत असते, तिच्या दारात कुणीही जावं. ती नाही म्हणते, रडते, हात जोडते, आणि मग म्हणे तिला ते आवडतं. पानामागून पान तेच. लग्नात सरबत पिता पिता ती पोरं कशाला हसली ते मला मळ्यात कळलं. त्यांनी मला बघितलंच नव्हतं. त्यांनी मला वाचलं होतं.

"मी रडले," ती म्हणाली. पाटाकडे बघत बोलत होती. "मी म्हनलं, आज नको, मला भ्याव वाटतंय. तर म्हनले, पुस्तकात बी आदी रडतीच. सगळ्याच रडत्यात. मग हात धरला. दुसऱ्या दिशी म्हनले, तू दगडासारकी पडून ऱ्हातीस, तुज्यात कायतरी दोष हाय. त्यातली बाई कशी हाय बघ आनि तसं कर. आक्का, माज्यात दोष हाय का गं?"

एकवीस वर्षांची, मॅट्रिक झालेली, अख्ख्या आळीला हसवणारी मुलगी मला विचारत होती की माझ्यात दोष आहे का. दोन दिवसांत हे झालं होतं. मी तिला जवळ घेतलं आणि सांगितलं, नाही, तुझ्यात काहीही दोष नाही, ज्यानं हे लिहिलं आणि ज्यांनी हे आहेरात दिलं त्यांच्यात आहे, आणि ज्यानं ते खरं मानलं त्याच्यातही आहे. ती रडली नाही. रडण्याची तिला भीती वाटत असावी. रडलं की त्याचा काय अर्थ लावतात ते तिला कळलं होतं.

ते पुस्तक मी पाण्यात टाकणार होते. मग वाटलं, पाट खाली उसात जातो, कुणाच्या तरी हाती लागेल. धुण्यात गुंडाळून घरी आणलं आणि पाणी तापवायच्या चुलीत घातलं. ते जळेपर्यंत तिथून हलले नाही.

थोरल्या जावेला मी बाजूला घेऊन सांगून बघितलं. पुस्तकाचं नाही, मुलगी घाबरली आहे एवढंच. ती भाकऱ्या थापता थापता म्हणाली, "आवं बाई, पुरुषाचं आसंच आसतंय. हळूहळू सवं व्हती." तिची काही चूक नव्हती. तिला कुणी वेगळं सांगितलं नव्हतं आणि तिच्या वाट्याला वेगळं आलं नव्हतं. पण त्या रात्री मी मुलीला बरं नाही असं सांगून माझ्या शेजारी झोपवलं. दुसऱ्या दिवशी रिवाजाप्रमाणे मी मुलीला घेऊन माहेरी निघाले. गाडीत बसल्यावर तिनं खिडकीला डोकं टेकलं आणि कोरेगाव येईपर्यंत झोपली. चार दिवसांची झोप राहिली असावी.

हे सगळं मी नंतर माझ्या नवऱ्याला सांगितलं, तो सुट्टीवर आला तेव्हा. मला वाटलं होतं तो भडकेल. तो एवढंच म्हणाला, "आमच्या लायनीत, बराकींत असली पुस्तकं असतात. एकाकडनं दुसऱ्याकडे जातात."

"तुम्ही वाचलंय?"

"वाचलंय."

मला त्याचं खरं बोलणं आवडलं आणि तो माणूस त्या क्षणी आवडला नाही, दोन्ही एकदम. त्यानं सांगितलं, त्यांच्या लायनीत एक जवान होता, आमच्याच जिल्ह्यातला. चांगला होता, बायकोचं पत्र आलं की सगळ्यांना दाखवायचा. ही पुस्तकं वाचायला लागला आणि हळूहळू तिच्यावर संशय घ्यायला लागला. शेजारचा कोण, दूधवाला कोण, घरी कोण येतं. सुट्टीवर गेला तो न कळवता, मागल्या दारानं. बायको भावाबरोबर बाजारात गेली होती, घरात नव्हती. त्यावरून त्यानं तिला मारलं. "आम्ही त्याला समजावलं, पण काय समजावणार?" माझा नवरा म्हणाला. "त्याच्या डोक्यात ते बसलं होतं. आणि आमच्यातल्या प्रत्येकाच्या डोक्यात थोडं थोडं बसलंच होतं."

लोकांना वाटतं ही पुस्तकं पोरांना बायकांविषयी काहीतरी शिकवतात. माझं म्हणणं आहे की ती बायकांना पुसून टाकतात. समोर माणूस आहे, तिला भीती वाटते, तिला झोप येते, तिला आज आईची आठवण आली आहे, यातलं काही दिसतच नाही. दिसतं ते आधी वाचलेलं. मग ती खरी बाई त्या वाचलेल्यासारखी वागली नाही की तिच्यात दोष. आणि वागली तर ती वाईट चालीची. यातून सुटका कुठून असणार? त्या पोरांपैकी प्रत्येकाचं पुढं लग्न झालं असेल. कुणाच्या तरी मुली त्यांच्या घरी गेल्या असतील, आणि त्यांच्यात दोष निघाले असतील. हा विचार आला की मला आजही त्या बेलबॉटमवाल्यांच्या मुस्काटात द्यावीशी वाटते, आणि एक-दोघांनी तरी ती खाल्ली असती तर बरं झालं असतं असं वाटतं.

माहेरी आल्यावर मी चुलतीला सगळं सांगितलं. तिनं दोन्ही हात कानांवर ठेवले, पुस्तकातलं मी काही बोललेच नव्हते तरी. मग म्हणाली, "कुनाला बोलू नगंस. जावई न्यायला आला का धाडायची. न्हाई धाडली तर लोक म्हन्त्याल, पोरीतच कायतरी हाय, म्हनून टाकली." तिची भीती खोटी नव्हती. आमच्या गावात टाकलेल्या दोन बायका होत्या, त्यांना कुणी हळदीकुंकवाला बोलवत नसे. चुलत्याला तर तिनं काही कळूच दिलं नाही. मुलगी घरात होती, काम करत होती, पण जावई येणार त्या दिवसाची वाट प्रत्येक जण आपापल्या परीनं बघत होता. मी साताऱ्याला परत गेले आणि चुलतीला सांगून ठेवलं, तो येईल त्या दिवशी मी इथं हवी.

तो जेठाच्या शेवटी आला. आखाड तोंडावर होता. आमच्याकडे पहिल्या आखाडात नवी सून सासूसमोर राहत नाही, माहेरी असते. पण आखाड लागायच्या आधी थोडे दिवस तिला न्यायची, मग परत आणून सोडायची, असा त्यांचा बेत होता. चुलत्यानं कोंबडं कापायला काढलं होतं. जावयाला सोप्यात गादीवर बसवलं. मी चुलत्याला म्हणाले, "आण्णा, मला जावयाशी थोडं बोलायचं हाय, तुमी पडवीत बसा." तो बघत राहिला, पण उठला. शिकलेल्या पुतणीला तो थोडा भीत असे.

मी दार लोटलं नाही. समोर बसले आणि सरळ म्हणाले, "ते पुस्तक मी जाळलं. त्याला तुमच्या आईनं लावलेलं हळदकुंकू होतं."

त्याचा चेहरा पांढरा पडला. आधी तो शुद्ध भाषेत बोलायला लागला, कारखान्यातल्या साहेबाशी बोलावं तसं. "ताई, मित्रांची थट्टा होती. माझा त्यात काही..."

"थट्टा मित्रांची. शिकवणी तुमची. माझ्या बहिणीला कुणी अभ्यासाला लावलं?"

मी भरपूर बोलले. काय बोलले ते सगळं इथं लिहीत नाही. आवाज चढवला नाही, शाळेत मुलींना समजावते तशी शब्द मोजून बोलले, कारण भांडले असते तर चुलता आत आला असता आणि सगळं तिथंच थांबलं असतं. ती घाबरली होती हे सांगितलं. तिच्यात दोष नाही हे सांगितलं. ती माणूस आहे, एवढी साधी गोष्ट एका डिप्लोमा झालेल्या पंचवीस वर्षांच्या माणसाला सांगावी लागली, आणि सांगताना मला त्याची शिसारी येत होती. मधेच त्यानं मान खाली घातली आणि त्याची भाषा बदलली.

"आक्का, आमाला तरी कोन सांगनार? बापानं माळ घातलेली. आईपुढं बोलायची सोय न्हाई. वसतिगृहात धा जनांच्यात एक पुस्तक, सगळी वाचत्यात, जो वाचत न्हाई त्येला बायल्या म्हन्त्यात. मला वाटलं, लिव्हलंय म्हंजे आसंच आसनार. मी तिला मारलं तर न्हाई."

शेवटचं वाक्य त्यानं स्वतःच्या बाजूनं म्हणून मांडलं. बाकीचं त्याचं बोलणं खरं होतं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पण त्या माझ्या बहिणीलाही कुणी काही सांगितलं नव्हतं, आणि तिनं कुणाचा हात धरला नव्हता. मला त्याची कीव आली नाही. येईल असं वाटलं होतं, पण आली नाही.

तो रडला. खरं रडला. चुकलं म्हणाला, पुन्हा असं होणार नाही म्हणाला. मित्रांचं नाव काढणार नाही म्हणाला. मला वाटलं, झालं, मुलीचं जरा तरी बरं होईल. तेवढ्यात त्यानं डोळे पुसले, माझ्याकडे सरकून बसला आणि खालच्या आवाजात, अगदी मनापासून विचारलं, जसं एखादा विद्यार्थी न कळलेलं गणित विचारतो.

"आक्का, म्हंजे ती नको म्हनती... तवा खरंच नको आसतंय?"

 इतकं सगळं ऐकून, रडून झाल्यावर ही शंका उरली होती. दाराशी बांगड्या वाजल्या. ती चहाचा कप घेऊन उभी होती. वडीलमाणसांदेखत नवऱ्याशी बोलायचं नाही ही रीत. लग्नापासून चारचौघांत ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती.

"व्हय," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण पडवीत गेला. "खरंच नको आसतंय. आनि आज मी तुमच्यासंगं येनार न्हाई."

चुलता धडपडत आत आला. "काय बोललीस? काय बोललीस गं तू?" मागून चुलती आली, तोंडावर हात ठेवून. मुलगी जागची हलली नाही. तिनं कप खाली ठेवला, तो ठेवताना बशीत चहा सांडला. जावई तिच्याकडे बघत होता. मला वाटतं, तिच्या तोंडाकडे त्यानं त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. मग उठला आणि चुलत्याला म्हणाला, "मामा, ऱ्हाऊ द्या तिला. आखाड आलाच हाय. आखाड झाल्यावर ती म्हनंल तवा बघू." पिशवी उचलली, पायांत चपला घातल्या आणि जेवण न करता स्टँडकडे गेला. चहा तसाच राहिला.

गावाला सांगायला आखाडाचं कारण आयतं मिळालं होतं. चुलता बराच वेळ धुमसत बसला, मग त्याचा राग उतरला आणि त्याच्या जागी कौतुक आलं. "शिकलेला हाय," तो म्हणाला. "दुसरा आसता तर झिंज्या धरून न्हेली आसती."

"लय गुनाचा हाय," चुलती म्हणाली. शेजारच्या बायका विचारपूस करायला आल्या, त्यांनाही तिनं तेच सांगितलं. बायकोनं नको म्हटलं तर मुकाट्यानं माघारी गेला, असा जावई मिळाला. बायकांनी माना डोलावल्या. एकीनं तर नशीब काढलं पोरीनं, असं म्हटलं.

मुलगी भिंतीला टेकून हे सगळं ऐकत होती. बायका गेल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली.

"आक्का," ती म्हणाली, "एवढंच पुरतं व्हय गं?"

आमच्या घरांत तेवढं पुरत होतं.